बोलण्याचे स्वातंत्र्य आणि रुग्णाची सुरक्षितता

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पाथरी येथे भरलेल्या वैद्यकीय परिषदेच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करावीत आणि त्या आनंदाच्या प्रसंगी सत्कार व स्नेहभोजन यांच्याबरोबरच डॉक्टरांची परिषदही भरवावी, हे आपल्याकडे क्वचित घडते. त्याबद्दल प्रथम संस्थेचे अभिनंदन करतो. उद्घाटनाच्या भाषणात वैद्यकीय व्यवसायाची थोरवी गावी, असा प्रघात आहे. परंतु संस्थेचे निमंत्रणपत्र वाचताना माझे लक्ष दुसरीकडेच गेले. त्या पत्रात दोन वाक्ये एकाखाली एक छापली आहेत. पहिले असे की, परिषदेत प्रत्येकाने आपले अनुभव मोकळेपणाने मांडावेत. दुसरे असे की, परिषदेतील कोणत्याही वक्तव्यामुळे कोणासही बाधा पोहोचणार नाही याची दक्षता घ्यावी. कागदावर या दोन वाक्यांत बोटभर अंतर आहे. प्रत्यक्षात ते किती आहे, हे शोधण्यात माझे बरेचसे व्यावसायिक आयुष्य गेले. त्याविषयीच आज बोलावे, असे ठरविले आहे.

आरंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका जिल्हापातळीवरील सभेत मी एका रुग्णाची हकीकत सादर केली. ती एक तरुण विवाहिता होती. तिचा आजार दुर्मीळ होता आणि उपचार यशस्वी होत होते. उपचारांच्या ओघात तिने मला एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती, जी तिने घरात कोणालाही सांगितली नव्हती. आजाराचे निदान त्या गोष्टीवाचून पूर्ण होत नव्हते, म्हणून ती मी सभेत मांडली. नाव अर्थातच घेतले नाही. मात्र वय सांगितले, गाव कोणत्या रस्त्यावर आहे ते सांगितले, पतीचा व्यवसाय सांगितला, कोणत्या महिन्यात दाखल केले तेही सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

पंधरा दिवसांनी तिचा भाऊ माझ्या दवाखान्यात आला. आरडाओरडा त्याने केला नाही. बहिणीचे केसपेपर टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नाव तेवढं घेतलं नाही तुम्ही. बाकी ठेवलंच काय?"

सभेच्या मागच्या रांगेत बसलेल्या कोणीतरी चहाच्या वेळी ती हकीकत आणखी कोणाला सांगितली आणि गाव ओळखीचे निघाले. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. ती माहेरी परतली. तिचा औषधोपचार काही वर्षे अखंड चालणे आवश्यक होते. ती माझ्याकडे पुन्हा कधीच आली नाही. तो आजार कोणता, ती गोष्ट कोणती, हे मी आजही सांगणार नाही. त्यामुळे या हकीकतीतील वैद्यकीय भाग आपणांस अपुरा वाटेल. तो तसाच राहू द्यावा.

या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सभांना जाई, परंतु तोंड उघडीत नसे. त्याच काळात एका औषधाचे इंजेक्शन दिल्यानंतर एकाच आठवड्यात माझ्या दोन रुग्णांना जबर थंडी वाजून ताप भरला. मला शंका आली. मी त्या औषधाची खरेदी थांबविली, दुसरीकडून माल घेऊ लागलो आणि विषय संपला असे मानले. महिनाभराने शेजारच्या तालुक्यातील एका वयस्कर डॉक्टरांशी बोलताना कळले की त्यांच्याकडेही तसेच पाच रुग्ण झाले होते व त्यांपैकी एक दगावला होता. दोष औषधाचा होता की आणखी कशाचा, हे मी आज सांगू शकत नाही. कारण तपासणीसाठी जी कुपी जपून ठेवायला हवी होती, ती मी तेव्हाच फेकून दिली होती. एकदा अधिक बोलून मी एका रुग्णाचे नुकसान केले आणि दुसऱ्यांदा न बोलून, कदाचित, दुसऱ्या एकाचे. या दोन अनुभवांच्या मधली वाट कोणती, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम मौनाची किंमत पाहू. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण अल्पावधीत दगावले. वेगवेगळ्या आजारांसाठी दाखल झालेल्या या रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाली होती. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती: त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. ते ग्लिसरॉल औषधी प्रतीचे नव्हते आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. औषध खरेदी, तपासणी व प्रशासन यांतील दोष त्या आयोगाने निर्भीडपणे उघड केले. या प्रकरणावर मुंबईचे मेंदू-शल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. आपल्याच शहरातील, आपल्याच व्यवसायातील त्रुटी जगासमोर मांडणे सोपे नसते; पण त्यामुळेच ही घटना सरकारी दप्तरात अडकून न पडता वैद्यकीय ज्ञानाचा भाग झाली.

हे विष तेव्हाही नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली होती आणि त्यातून तेथे १९३८ चा औषधविषयक कायदा झाला. आणि आपल्याकडे काय घडले? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार झाले. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने केलेल्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. जे. जे.च्या घटनेला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. विष तेच, इंद्रियही तेच, मूत्रपिंड.

अशा घटनांत पहिली शंका प्रयोगशाळेला येत नाही. ती रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला येते. एकाच्या दवाखान्यात एक रुग्ण म्हणजे दुर्दैव वाटते; पाच दवाखान्यांतील पाच रुग्ण एकत्र मांडले की कारण दिसू लागते. हे एकत्र मांडण्याचे स्थान म्हणजे परिषद. आज औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून अस्तित्वात आहे. त्याचा अर्ज आपल्यापैकी कोणीही भरू शकतो. पण जो डॉक्टर सहकाऱ्यांसमोर शंका बोलून दाखवीत नाही, तो अर्जही भरीत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

तथापि, बोलण्याची घाईही तितकीच घातक ठरते. प्लेगची साथ मुंबईत पसरली तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर व हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यांना पद सोडावे लागले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद उपलब्ध होती. एकाच गावी अनेक बाटल्या वापरल्या असताना एकाच बाटलीने घात केला, याचाही विचार झाला नाही. शेवटी १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांच्यासह काही नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून हा अन्याय दाखवून दिला आणि हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले. घाईने केलेल्या आरोपाने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली आणि मोकळेपणाने केलेल्या चर्चेनेच त्यांना न्याय मिळवून दिला. म्हणून आरोप झाला या कारणास्तव चर्चेवर बंदी घालणे हा उपाय होत नाही. चर्चा पुराव्याच्या आधारे व्हावी आणि ती पूर्ण होईपर्यंत निवाडा होऊ नये, एवढाच तो धडा आहे.

आता तिसरी बाजू. 'समाजाच्या हिताला धोका' हे शब्द जेव्हा कोणी उच्चारतो, तेव्हा धोका नक्की कोणाला आहे, हे विचारले पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी चालविले. लैंगिक आरोग्यासंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरे देत. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कामजीवनाविषयी लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र त्यांनी अखेरपर्यंत चालविले.

आणि १९५२ साली काय झाले? त्याच मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, देशोदेशीचे डॉक्टर त्याच विषयावर व्यासपीठावरून बोलले आणि त्याच परिषदेत या कार्याची जागतिक संघटना स्थापन झाली. ज्या विषयासाठी अठरा वर्षांपूर्वी दंड झाला होता, तो विषय शासनमान्य झाला. कर्वे तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या स्त्रियांचे आरोग्य पुढच्या बाळंतपणावर अवलंबून होते, त्यांच्या दृष्टीने समाजाची सुरक्षितता कोणत्या बाजूला होती, याचा विचार आपण करावा. श्रोत्यांना अवघडल्यासारखे होणे आणि रुग्णाला इजा होणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी कोणाचे तोंड बंद करू नये. दुसरीसाठी मात्र स्वतःच्या तोंडाला आवर घालावा.

याच विषयाची उलट बाजू आपल्या मराठवाड्याने फार कठोरपणे अनुभवली आहे. गर्भजल चिकित्सेचा उपयोग मुलगी नको म्हणून होऊ लागला, तेव्हा मुंबईतील महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते व काही डॉक्टर यांनी आवाज उठविला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याच्या बाविसाव्या कलमाने गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीस बंदी केली. २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २०१२ साली परळी येथे उघडकीस आलेले प्रकरण आपण सर्वांना ठाऊक आहे. येथे बोलण्यावरील बंधन योग्यच आहे, कारण ती जाहिरात म्हणजे प्रत्यक्ष कृतीचे आमंत्रण होते. परंतु इंटरनेटवरील अशा जाहिरातींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, कलमाचा भंग होत नसेल तर माहिती व ज्ञान मिळविण्याच्या नागरिकाच्या हक्कावर त्यामुळे मर्यादा येत नाही. सोनोग्राफीचे तंत्र शिकविणे, गर्भातील दोषांची चर्चा करणे, मुलींची संख्या का घटते यावर वाद घालणे, हे सारे मोकळे आहे.

आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, हेही सांगितले. देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, अपराधाची चिथावणी इत्यादी कारणे त्यात आहेत. 'सार्वजनिक आरोग्य' हा शब्द त्या यादीत नाही. चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, तेव्हा १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, विक्रीसाठी केलेली अशी जाहिरात ही विचारप्रकटीकरणाच्या गाभ्यात येत नाही. पुढे १९९५ मध्ये व्यापारी जाहिरातीलाही घटनेचे संरक्षण आहे असे न्यायालयाने मान्य केले; फसव्या जाहिरातीला मात्र ते नाही. याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे असा की, डॉक्टर जेव्हा विचार मांडतो तेव्हा कायदा त्याला बरीच मोकळीक देतो. मग रेषा आखण्याचे काम कोणाकडे उरते? ते आपल्याकडे, म्हणजे व्यवसायाकडे उरते.

ती रेषा काही प्रमाणात लिहिलेलीही आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र वा हकीकत त्याच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. २०२३ मध्ये नवी संहिता आली, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली. गोपनीयतेलाही अपवाद आहे. १९९८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णाच्या होणाऱ्या पत्नीच्या जिवाला संसर्गाचा धोका असताना ती माहिती उघड करणे दोषास्पद नाही, असे ठरविले. म्हणजे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला, तर गुपित त्यापुढे मागे सरते. पण ते ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्यापुरतेच. टाळ्या वाजविणाऱ्या सभेपुढे नव्हे.

मित्रहो, 'ओळख पटेल अशा रीतीने' या शब्दांचा अर्थ मुंबईत निराळा आणि पाथरीत निराळा असतो. मुंबईत 'पस्तीस वर्षांची स्त्री' म्हटले तर लक्षावधी स्त्रिया होतात. आपल्याकडे 'कालव्याकाठच्या गावातील पस्तीस वर्षांची शिक्षिका' म्हटले की ऐकणारे नाव मनात उच्चारतात. तालुक्याच्या ठिकाणी नाव झाकले म्हणजे माणूस झाकला जात नाही. माझी चूक नेमकी हीच होती.

आता बोलणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयी थोडे. परिषदेत कोण बोलतो? बहुधा मोठ्या शहरातून आलेला, पदव्यांची रांग असलेला वक्ता. पण विंचूदंशाने होणारे मृत्यू कसे रोखावेत, हे जगाला कोणी शिकविले? जालना जिल्ह्यातील लहानशा गावात जन्मलेले आणि कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. विंचवाच्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम त्यांनी रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून टिपला, १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. आडगावच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नसते, तर किती शेतमजुरांची मुले गेली असती?

येथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना मी विचारतो, आपल्या वरिष्ठांच्या उपचारपद्धतीविषयी शंका असेल तर आपण आज ती बोलून दाखवाल का? दाखवणार नाही, हे मला ठाऊक आहे. मीही दाखविली नव्हती. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे चूक कबूल केली तर खटला होईल ही भीती आहे. दवाखान्यांवर होणाऱ्या हल्ल्यांचे भय आहे. त्याविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे, परंतु भय कायद्याने लगेच जात नाही. महिला डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते. विनोदाच्या नावाखाली व्यासपीठावरून होणारी शेरेबाजी, चहाच्या वेळची अकारण सलगी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामानिमित्त जेथे जावे लागते ते ठिकाणही कामाचेच ठिकाण ठरते. अशी शेरेबाजी करणाऱ्यास अध्यक्षांनी तेथेच थांबविले, तर वक्त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही. उलट सभागृहातील अर्ध्या लोकांचे बोलण्याचे स्वातंत्र्य परत मिळते.

भीतीचे आणखी एक रूप सौम्य असते, ते म्हणजे उपकाराचे. ज्या कंपनीच्या खर्चाने आपण जेवतो, तिच्या औषधाविषयी शंका विचारताना जीभ जड होते. २००९ च्या दुरुस्तीने अशा भेटी, प्रवासखर्च व पाहुणचार स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई झाली. आजच्या परिषदेचा सर्व खर्च संस्थेने उचलला आहे आणि बाहेर एकाही कंपनीचे दालन नाही. या औदार्याचे मोल केवळ रुपयांत नाही. आज आपण कोणत्याही औषधाविषयी काहीही विचारू शकतो.

उपाय अन्यत्र शोधून झालेला आहे. इंग्लंडात १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. माता, डॉक्टर, रुग्णालय यांची नावे काढून टाकली जातात. कारण मात्र तपशिलाने लिहिले जाते व सर्वांना वाचावयास मिळते. केरळमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये हीच पद्धती आपल्या देशात प्रथम सुरू केली. आपल्याकडील शासकीय मातामृत्यू अन्वेषणाचे तत्त्वही दोषारोप न करण्याचेच आहे. यातून स्फूर्ती घेऊन आजच्या व पुढील परिषदांसाठी मी पाच मर्यादा सुचवितो. त्यांवर आपण वाद घालावा.

पहिली मर्यादा: रुग्णाची हकीकत सांगण्यापूर्वी त्याची लेखी अनुमती त्याच्या भाषेत, त्याला समजेल अशी घ्यावी. जो तपशील निदानासाठी आवश्यक नाही तो गाळावा. आणि सादर करण्यापूर्वी स्वतःला विचारावे, या रुग्णाचा भाऊ सभागृहात बसला असता तर मी हे असेच बोललो असतो का?

दुसरी: चुकांची व मृत्यूंची चर्चा बंद दाराआड व्हावी. तेथे केवळ डॉक्टर व परिचारिका असाव्यात, भ्रमणध्वनी बाहेर ठेवावेत, चित्रीकरण होऊ नये. मात्र त्या चर्चेतून निघालेला धडा, नावे वगळून, लेखी स्वरूपात सर्वांना दिला जावा. बंद दार हे शिकण्यासाठी असावे, लपविण्यासाठी असू नये. रुग्णाच्या नातेवाइकांना सत्य सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही.

तिसरी: उपचाराचा दावा करणाऱ्याला बोलू द्यावे, परंतु त्याच्यामागून प्रश्नांसाठी तितकाच वेळ ठेवावा. १९९८ मध्ये गोवर-गालगुंडाच्या लसीसंबंधी लॅन्सेटमध्ये आलेला लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी मुलांना लस देण्याचे टाळले! आपला दावा तपासू न देता केवळ प्रसिद्धी मागणाऱ्यास व्यासपीठ देऊ नये.

चौथी: औषधासंबंधी शंका आली तर ती त्याच दिवशी बोलावी, नोंदवावी आणि कुपी जपून ठेवावी. शंका ही शंका म्हणूनच बोलावी. कंपनीवर किंवा सहकाऱ्यावर निवाडा देऊ नये.

पाचवी: प्रत्येक सत्रात पहिला प्रश्न विचारण्याचा मान सभागृहातील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला द्यावा. वरिष्ठांनी आधी बोलले की कनिष्ठांचे प्रश्न विरून जातात.

या मर्यादा पाळूनही चुका होतील. एखादी हकीकत सांगावी की न सांगावी, याचा निर्णय करताना कधी रुग्णाच्या बाजूने तोल जाईल, कधी ज्ञानाच्या. दोन्हींत नुकसान असेल तेव्हा मी काय करतो, असे कोणी विचारील. मी ती हकीकत प्रथम रुग्णालाच सांगतो. "तुमच्याविषयी मी हे असे बोलणार आहे," असे म्हणून वाचून दाखवितो. बहुतेक जण ऐकून घेतात, एखादा शब्द बदलावयास सांगतात आणि होकार देतात. एका वृद्ध गृहस्थांनी तर मीच गाळलेला तपशील पुन्हा घालावयास लावला, म्हणाले, "माझ्यावानी दुसऱ्याचं होऊ नये म्हणून सांगता ना? मग पुरतं सांगा." काही जण नकार देतात. नकार मिळालेल्या काही हकीकती माझ्याजवळ आहेत. वैद्यकीयदृष्ट्या त्या मोलाच्या आहेत. त्या माझ्याबरोबरच राहतील.

ते जुने प्रशस्तिपत्र अजून घरी आहे. ते मी भिंतीवर कधी लावले नाही. त्या भगिनीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. तिच्या भावाने विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक परिषदेला जाताना बरोबर असतो, आणि आज तो आपल्या हाती सोपवितो आहे.

आज दुपारच्या सत्रात परभणी जिल्ह्यातील तरुण डॉक्टर आपले अनुभव मांडणार आहेत. त्यांनी निर्भयपणे बोलावे, आपण आस्थेने ऐकावे आणि येथून बाहेर पडताना कोणा रुग्णाची ओळख आपल्याबरोबर नेऊ नये, एवढी विनंती करतो. संस्थेने पन्नास वर्षे जी सेवा केली ती उत्तरोत्तर वृद्धिंगत होवो, अशी शुभेच्छा व्यक्त करून ही परिषद सुरू झाल्याचे जाहीर करतो.